मथुराकाकूंचा विटकरी लाल

मथुराकाकूंकडे लाल रंगाचा बिल्ला दुरुस्त होत नसे. निळा होई, हिरवा होई, काळा होई, पांढरा तर असा होई की टवका नेमका कुठे उडाला होता ते मालकालाच आठवू नये. पण लाल दिसला की काकू बिल्ला पालथा करून परत देत आणि म्हणत, "हा नको. दुसरा काही असेल तर आणा." कारण विचारण्याची कोणाची छाती नव्हती. मी एकदा विचारलं, तर त्यांनी माझ्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. पोहे संपल्यावर मी पुन्हा विचारलं नाही. पोहे चांगले होते, हेही एक कारण होतं.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते आणि त्यांतल्याच एकात मी जावक विभागात कारकून म्हणून चिकटलो होतो. दिवसभर पाकिटं बांधायची, पार्सलांवर लाख वितळवून मोहोर उठवायची आणि वहीत नोंद करायची, एवढीच माझी देशसेवा. राहायला चिंचवडगावात पोतदारांच्या शेजारची खोली मिळाली होती. आप्पा पोतदार दापोडीच्या वर्कशॉपात टर्नर होते. सकाळी डबा घेऊन सायकलवर निघत, संध्याकाळी परत येत आणि दिवसभराचे शब्द जणू वर्कशॉपातच ठेवून आल्यासारखे ओट्यावर गप्प बसत. घरात बोलणं, राग, हुकूम, हे सगळं खातं मथुराकाकूंकडे होतं.

मला बिल्ल्यांचा नाद होता. धातूवर मीना, म्हणजे भाजलेली रंगीत काच, चढवलेले, मागे टाचणी असलेले, छातीवर लावायचे बिल्ले. तेव्हा कशाचाही बिल्ला निघे. सायकल क्लबाचा, विमा कंपनीचा, स्वयंसेवकाचा, कुस्तीच्या आखाड्याचा, पलटणीचा, प्रदर्शनाचा. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी भंगाराच्या ढिगातून मी ते उकरून काढी आणि बिस्किटांच्या डब्यात कापसावर मांडून ठेवी. माझ्या वयाचे लोक लग्नं करत होते. मी कापूस बदलत होतो.

त्यातला माझा सर्वांत लाडका बिल्ला एका सायकल क्लबाचा होता, मोराचा. तो एकदा शर्टाबरोबर धुण्यात गेला. दगडावर आपटला आणि मोराच्या मानेवरचा निळा उडाला, मागची टाचणीही तुटली. मी उडालेला टवका गोंदाने चिकटवला आणि स्वतःवर खूश झालो. आप्पांनी तो पाहिला आणि महिन्याभरात माझ्याशी बोललेलं सर्वांत लांब वाक्य बोलले, "आमच्या हिला दाखवा."

काकूंनी बिल्ला खिडकीजवळ नेला, नाकाशी धरला आणि विचारलं, "गोंद?"

मी हो म्हणालो.

"गोंद पाकिटाला, सबनीस. हे तुम्ही केलंत, आता तुम्हीच काढा."

आणि खरोखरच एक अख्खा रविवार मी त्यांच्या ओट्यावर कोमट पाण्याचं भांडं आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन बसलो होतो. त्या मधूनमधून येऊन बघत आणि "अजून आहे" एवढंच म्हणून आत जात. गोंदाचा शेवटचा कण गेल्यावर त्यांनी बिल्ला ताब्यात घेतला. चार दिवसांनी मोर परत आला तो बाजारातून नवा आणल्यासारखा. मला फार आनंद झाला आणि तो मी लपवलाही नाही. काकू म्हणाल्या, "इतकं हरखायला काय झालं? मोर तुमचा नव्हे, ज्याने काढला त्याचा."

काकू सोनारांच्या घरातल्या. माहेर पुण्यात रविवार पेठेत. वडिलांना सगळे दादा म्हणत. ते मीनाकाम करणारे, आणि त्यातही बिल्ले आणि पदकं करणारे म्हणून नावाजलेले. मुलगा वसंता कामात आळशी, म्हणून दादांनी थोरल्या मुलीला भट्टीजवळ बसवलं. काच खलात वाटायची कशी, सातदा धुवायची कशी, ओली भुकटी पिसाच्या टोकाने चांदीवर भरायची कशी, हे सगळं काकू लग्नाआधीच शिकल्या होत्या. लग्नात दादांनी त्यांना दागिन्यांबरोबर एक भिंग आणि रंगांच्या पुरचुंड्या दिल्या. सासरी बाईमाणसाने दुकान मांडायची सोय नव्हती, पण घरात शेगडी तर असतेच. शेगडीवर खापराचा एक लहान घुमट पालथा घालायचा, त्याला पुढून तोंड ठेवायचं, भात्याने निखारे फुलवायचे, ही झाली भट्टी. जेवणं उरकल्यापासून दुपारच्या चहापर्यंत स्वयंपाकघर भट्टीखाना होई. त्या वेळात कोणी पाणीसुद्धा मागायचं नाही. बिल्ला आत असताना काकूंची नजर हलत नसे. शेजारची चूल दूध उतू जाऊन विझली तरी हलत नसे. आप्पा म्हणत, "आमच्याकडे दूध गेलं की समजायचं, निळा चांगला आलाय."

त्यांच्या कामाच्या रीती ठरलेल्या होत्या. आलेला बिल्ला आधी रिठ्याच्या पाण्यात. मग मागची टाचणी आणि तिला जोडणारी झाळ पूर्ण खरवडून काढायची, कारण झाळ आधी वितळते आणि चांदी खाते. आणि मग सुईची परीक्षा. लाल तापवलेली सुई बिल्ल्यावरच्या रंगाला टेकवायची. खरा मीना म्हणजे काच, तिला सुईचं काही वाटत नाही. पण कोणी लाखेत रंग कालवून भरला असेल तर सुई आत शिरते. असा बिल्ला विस्तवात घालून चालत नाही, त्याला थंड कामच, म्हणजे भाजल्याशिवाय पुन्हा लाखच भरायचं काम, करावं लागतं. बिल्ला कुठूनही आलेला असो, कोणीही हमी दिलेली असो, सुई टेकवल्याशिवाय काकू तो शेगडीजवळ नेत नसत. "विस्तव ओळख ठेवत नाही," असं त्या म्हणत.

थंड काम केलं की त्या बिल्ल्याच्या पाठीवर सुईने बारीक फुली मारत. म्हणजे पुढच्या माणसाला कळावं की इथे लाख आहे. या फुलीवरून एकदा चांगलीच जुंपली. देहूरोडच्या छावणीतले एक गृहस्थ पलटणीचा जुना बिल्ला घेऊन आले होते. काम सुरेख झालं, पण पाठीवरची फुली पाहून त्यांचा चेहरा उतरला. त्यांना तो बिल्ला मुंबईच्या एका हौशी संग्राहकाला द्यायचा होता, आणि फुलीचा अर्थ जाणणारे लोक मुंबईत होते. त्यांनी आधी विनंती केली, मग आवाज चढवला. काकू शांतपणे म्हणाल्या, "फुली पुसते की. पण मग लाखही काढून देते." गृहस्थ बिल्ला उचलून तरातरा गेले. महिन्याभराने दुसरा बिल्ला घेऊन आले आणि आल्याआल्या म्हणाले की फुलीसकट चालेल. काकूंनी त्यांना चहा दिला, पण खूप कडक दिला.

लालाची गोष्ट मला शेवटी आप्पांनी सांगितली. दादांचा लाल प्रसिद्ध होता. चांदीवर लाल मीना धरत नाही. भाजला की काळवंडतो किंवा पिवळट पडतो. भल्याभल्यांनी हात टेकले होते. आणि दादांचा लाल मात्र कुंकवासारखा, चकचकीत, कडेपासून कडेपर्यंत एकसारखा. पुण्यातल्या दुकानात त्याचे नमुने काचेच्या पेटीत लावलेले होते आणि त्या पेटीला हात लावायची परवानगी काकूंनासुद्धा नव्हती. त्याची कृती दादांनी कोणालाच दिली नाही. काकू लग्न झाल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, तो लाल काढायला बसल्या होत्या. चांदीच्या नखाएवढ्या तुकड्यांवर, दुपारी, कोणी नसताना. माहेरी गेल्या की तुकडे दादांना दाखवत. दादा हातात घेऊन बराच वेळ बघत आणि म्हणत, "अजून थोडा." दादा जाऊन सहा वर्षं झाली होती. तुकडे डाळीच्या एका जुन्या डब्यात साठले होते. आप्पांनी तो डबा मला चोरून दाखवला. सगळे तुकडे विटेच्या रंगाचे. मला ते वाईट वाटले नाहीत. तसं मी म्हणालोही. आप्पा म्हणाले, "मलाही नाही वाटत. पण मी टर्नर."

म्हणजे लाल बिल्ला परत पाठवणं हा काकूंचा हट्ट नव्हता. दादांसारखा जमत नाही तर करायचाच नाही, हा पण होता. हे कळल्यावर मला त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला आदर म्हणतात, पण त्यात थोडी कीवही होती, हे कबूल करतो.

अशात चाकणहून किसनराव आले. कांद्याचे व्यापारी, मूळचे शेतकरी, डोक्याला पटका, पायात करकरीत वहाणा. त्यांच्या घरी शेतकी प्रदर्शनांत मिळालेल्या बिल्ल्यांची मखमलीवर टाचलेली रांग होती. त्यातला सर्वांत जुना आणि मानाचा बिल्ला त्यांनी रुमालातून सोडला. चांदीचा, मध्ये पांढरा खिल्लार बैल, भोवती लाल कडं आणि अगदी बाहेर निळी किनार. निळ्याचा टवका उडाला होता आणि टाचणी गेली होती. त्यांच्या वडिलांच्या बैलाचा पहिला नंबर आला होता, तेव्हाचा. यंदाच्या पुण्याच्या प्रदर्शनात जुन्या मानकऱ्यांना पुढच्या रांगेत बसवणार होते आणि किसनरावांना तो पटक्यावर लावून जायचं होतं.

काकूंनी नेहमीप्रमाणे आधी बिल्ला पालथा केला, आणि तशाच थांबल्या. पाठीवर मोहरीएवढा शंख उठवलेला होता. ती दादांची खूण.

त्या दिवशी मी काकूंना पहिल्यांदा लहान मुलीसारखं बोलताना ऐकलं. हा माझ्या वडिलांच्या हातचा, त्यांनी किसनरावांना सांगितलं. मग मला सांगितलं, मी तिथेच उभा होतो तरी. आप्पा आल्यावर त्यांना सांगितलं. दादांचं काम आजवर कधी दुरुस्तीला आलं नव्हतं, आणि हेसुद्धा निळ्यासाठी आलंय, लालाला बघा कुठे धक्का नाही, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणाल्या. डोळे भरून आले होते. किसनरावांना आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं.

काम सुरू झालं तो शनिवार होता. माझी अर्धी सुट्टी. मी दाराशी पाटावर बसलो होतो. काकूंनी झाळ खरवडली, बिल्ला रिठ्याने धुतला, टवक्याच्या जागी निळी भुकटी भरली आणि फडक्याच्या टोकाने पाणी टिपून घेतलं. सुई तापवली नाही. भिंग पुरचुंडीतून बाहेरच काढलं नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं, पण वडिलांच्या खुणेवर सुई टेकवायला मुलीला कोण सांगणार? त्यांनी भाता चालवला, घुमट आतून लाल झाला आणि बिल्ला जाळीवर ठेवून त्यांनी आत सरकवला.

आधी धूर आला. बारीक, निळसर. मग वास आला. तो वास मी दिवसातून पन्नास वेळा घेतो, झोपेतही ओळखीन. तोंडातून निघून गेलं, "काकू, लाखेचा वास येतोय."

काकूंनी चिमट्याने बिल्ला बाहेर ओढला. बैल जागेवर होता, पांढराशुभ्र. निळी किनार चमकायला लागली होती. मधलं लाल कडं मात्र बुडबुडे येऊन काळं झालं होतं आणि एका बाजूने वितळून खाली ठिबकत होतं.

त्या बिल्ला विटेवर ठेवून निवेपर्यंत बघत राहिल्या. मग सुई घेतली, निखाऱ्यात धरली आणि कड्याचा जो तुकडा अजून लाल राहिला होता त्याला टेकवली. सुई आत गेली.

"भिंग लावलं असतं तर दिसलं असतं," त्या म्हणाल्या. "मी लावलं नाही."

संध्याकाळी आप्पांना कळलं. त्यांनी हातपाय धुतले, जेवले आणि मग काकूंची समजूत काढायला बसले. माणूस कमी बोलणारा, पण त्या दिवशी मुद्देसूद बोलला. लाख भर. रंग तोच येईल, किसनरावांना तोच हवाय, त्यांनी जन्मभर तोच पाहिलाय. त्यांचं नुकसान नाही, दादांचं नाव शाबूत, पुण्याच्या दुकानावर बालंट नाही. मेलेल्या माणसाला कशाला उघडं पाडायचं? मला आप्पांचं शंभर टक्के पटलं. मी तसं सांगितलंही. वर हेही म्हणालो की फुली मारली म्हणजे झालं, कोणी विचारलं तर तेव्हा बघू.

काकू म्हणाल्या, "फुली मारली आणि तोंड गप्प ठेवलं, तर त्या छावणीवाल्यात आणि माझ्यात फरक काय?"

पुढचा आठवडा त्या घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. काकूंनी जळका लाल खरवडला, चिंचेच्या पाण्यात चांदी उकळली आणि ते रिकामं कडं तसंच ठेवलं. शेगडीवर नुसता स्वयंपाक होत होता. दूध उतू जात नव्हतं. मी कामावरून आलो की त्या ओट्यावर बसलेल्या दिसत, हातात निवडायला घेतलेलं काहीतरी असे आणि ते निवडून झालेलं नसे. वीस वर्षं ज्याच्यापुढे आपण कमी पडलो असं वाटत राहिलं, ते मुळात तिथे नव्हतंच, हे माणसाने कसं गिळायचं? आणि ते वडील असले तर? मला त्यांची फार दया येत होती आणि काय बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून मी दोन दिवस पोतदारांच्या दारावरून मान खाली घालून गेलो.

किसनराव ठरल्या दिवशी आले. काकूंनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि बिल्ला त्यांच्या हातात ठेवला. रिकाम्या कड्याचा. मग उभं राहूनच सांगितलं, "तुमच्या बिल्ल्यातला लाल खरा नव्हता. माझ्या वडिलांनी मीन्याच्या नावाखाली लाख भरली होती. मी तपासायला पाहिजे होतं. वडील म्हणून तपासलं नाही आणि विस्तवात घातला, तो जळाला. चूक त्यांचीही आहे आणि माझीही."

आप्पा आतल्या खोलीत जाऊन उभे राहिले. किसनराव बिल्ला इकडून तिकडून बघत होते.

"बैलाला काय झालं न्हाई ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. बैल खरा आहे."

"मंग आता कसं करायचं?"

काकूंनी दोन वाटा सांगितल्या. लाख भरली तर पूर्वीसारखाच दिसेल, पण उन्हाने, घामाने कधीतरी जाईल. मीना भरला तर तो त्यांच्या हातचा असेल, नातवंडांपर्यंत टिकेल, पण कुंकवाचा लाल यायचा नाही. "माझा लाल विटकरी येतो," त्या म्हणाल्या. हे वाक्य म्हणताना त्यांची मान खाली होती.

किसनराव म्हणाले, "बाई, मला त्यातलं कळत न्हाई. आमच्या म्हाताऱ्यानं ह्यो बैल चाकणापासनं पुण्यापातूर चालवत न्हेला व्हता. त्याला धाप लागू नये म्हनून वाटंत दोन मुक्काम केले. त्ये खरं हाय. मंग त्याच्या भवतालचं कडं तरी खोटं कशाला? तुमचाच भरा."

काकूंनी तो भरला. मी तेव्हा कामावर होतो, पण आप्पांनी रजा काढली होती. ते पुढे सांगत की तिने लागोपाठ तीनदा भाजला आणि एकदाही दादांचं नाव घेतलं नाही. कडं विटेच्या रंगाचं झालं. जरासं लालसर, जरासं तपकिरी, पावसानंतर नांगरलेल्या रानासारखं. बैल त्यात जास्तच पांढरा दिसत होता. किसनराव तो लावून प्रदर्शनात पुढच्या रांगेत बसले आणि ज्याने ज्याने रंग का बदलला विचारलं त्याला सगळी हकिकत सांगत सुटले. चाकणच्या व्यापाऱ्याला गोष्ट सांगायला मिळाली की ती तो आखडत्या हाताने सांगत नाही.

व्हायचं तेच झालं. पंधरा दिवसांत काकूंचा भाऊ वसंता चिंचवडला उतरला. तलम धोतर, काळी टोपी, रागाने कान लाल. मी ओट्यावरून उठून जायला निघालो तर काकू म्हणाल्या, "बसा सबनीस. वास तुम्हीच ओळखलात."

वसंतराव बरंच बोलले. दुकानात लोक येऊन पेटीतल्या नमुन्यांना सुई लावून बघायची भाषा करतात. बापाची अब्रू कोणी काढली, तर पोटच्या मुलीने. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुला ठाऊक होतं?"

वसंतरावांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "सगळ्यांना ठाऊक होतं, ताई. आईलाही. एका संस्थानाची ऑर्डर होती, मुदत संपत आली होती, लाल काही केल्या धरेना. तेव्हा लाख भरली. ती खपली, नाव झालं, मग मागे फिरता येईना. दादांना खरा लाल कधीच जमला नाही."

"मग मला का नाही सांगितलं?"

"दादांनी बजावलं होतं. तू तुकडे दाखवून गेलीस की ते घेऊन बसायचे. म्हणायचे, पोरीला सांगू नका. सांगितलं तर थांबेल. निघाला तर हिच्याच हातून निघेल."

मला वाटलं, आता काकू विरघळतील. मी असतो तर विरघळलो असतो. त्यांचा चेहरा मात्र असा काही झाला की वसंतराव अर्धवट उठून उभेच राहिले.

"म्हणजे माझ्या हातात खरा होता," काकू म्हणाल्या. "दादांच्या पेटीत खोटा होता. आणि खोटा समोर ठेवून ते माझ्या खऱ्याला 'अजून थोडा' म्हणत होते. दर खेपेला परत येताना गाडीत मी रडत यायचे, वसंता. खिडकीकडे तोंड करून. यांना विचार."

आप्पा दारात उभे होते. त्यांनी मान हलवली.

वसंतराव चहा न घेता गेले. काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि हुंदके ऐकू आले. त्यांना रडताना मी तेवढंच एकदा ऐकलं.

त्यानंतर वर्षभरातच माझी बदली झाली. बदलीची ऑर्डर हातात पडली त्या आठवड्यात आम्हा नवराबायकोला, म्हणजे मी लग्न करून टाकलं होतं, सामान बांधायला उसंत नव्हती. निघण्याच्या आदल्या सकाळी पार्सलाची चौकशी करायला चिंचवड स्टेशनावर गेलो, तर फलाटावर काकू आणि आप्पा. काकूंच्या अंगावर ठेवणीतलं लुगडं, खांद्यावर पिशवी, पिशवीतून भात्याचं नाक बाहेर आलेलं. कुठे निघालात विचारलं तर म्हणाल्या, दुकानात. वसंताने दुकानाबाहेर पाटी लावली आहे की शंखाची खूण असलेला लाल बिल्ला ज्याच्याकडे असेल त्याने घेऊन यावा, मीना नव्याने भरून मिळेल. पाटी लावायला तो तयार नव्हता, चार महिने अडून बसला होता. दुकान बुडेल म्हणाला. काकू म्हणाल्या, बुडू दे, मी बसते. आता आठवड्यातून दोन दिवस त्या दादांच्या जागेवर बसत होत्या. लोक येत होते. काही रंग पाहून नाकं मुरडत होते, काही मुद्दाम तोच मागत होते. पेटीतले नमुने त्यांनी सर्वांत आधी काढून खरवडले होते.

मी विचारलं, "दादांवरचा राग गेला का?"

"जातोय कुठला. चांगला आहे अजून." त्या हसल्या. "माया होती ना त्यांची, ती कुठे नाही म्हणते मी? पण मायेने का होईना, माणसाला वर्षानुवर्षं कमी म्हणू नये. आज असते ना दादा, तर पहिला बिल्ला नेऊन त्यांच्या हातावर ठेवला असता. म्हटलं असतं, बघा. लाल असा असतो."

तेवढ्यात गाडी आली. आप्पांनी पिशवी वर दिली आणि भाता सांभाळ म्हणाले. काकू बायकांच्या डब्यात चढल्या, खिडकीशी जागा मिळवली आणि शेजारच्या बाईला जरा सरकायला सांगून पिशवी मांडीवर घेतली. गाडी हलली तेव्हा त्या आमच्याकडे बघत नव्हत्या. त्या शेजारणीच्या छातीवरचा कसलासा बिल्ला वाकून बघत होत्या, आणि त्यांचा हात तो पालथा करायला निघाला होता.